शिवणीतली माया

शिवणकामात ‘माया’ नावाची एक गोष्ट असते. कापड बेतताना मापापेक्षा बोट-दोन बोटं जास्त ठेवायची, ती शिवणीच्या आत दाबून टाकायची, आणि पुढे अंग भरलं की शिवण उसवून तेवढं मोकळं करायचं. आतल्या त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. माझी आई सोलापुरात घरी शिवणकाम करायची. परकर-पोलकी, फ्रॉक, शाळेचे गणवेश. मुलाचं माप घेऊन झालं की ती बरोबर आलेल्या बाईला विचारायची, “वाढत्या अंगाचंच करू ना?” नको म्हणालेली बाई मला आठवत नाही. फ्रॉकच्या घेराला आतून चार बोटं दुमड, बाहीला दुमड, कमरेत दोन्हीकडे माया. पहिल्या वर्षी फ्रॉक गुडघ्याखाली लोंबायचा. दुसऱ्या वर्षी नेमका बसायचा. तिसऱ्या वर्षी दुमड सोडली की खालची चार बोटं बाकीच्या फ्रॉकपेक्षा गडद दिसायची, कारण त्या कापडानं तोवर ऊन पाहिलेलंच नसायचं. आमच्या वर्गात अर्ध्याअधिक मुलींच्या गणवेशाला अशी गडद पट्टी असे.

परवा माझ्या धाकट्याची पँट लांब करायला घेतली. खालची शिवण उसवली आणि हातात काहीच आलं नाही. काठाला खेटून ओव्हरलॉक मारलेलं, आत अर्धं बोटही कापड नाही. पँटचा रंग शाबूत, गुडघे शाबूत, चेन सुरळीत. फक्त मुलगा चार बोटं उंच झाला होता.

मुलांच्या कपड्यांचा सगळा प्रश्न त्या चार बोटांत आहे, असं मला वाटतं. मोठ्या माणसाचा शर्ट विरतो, कॉलर झिजते, मग तो जातो. मुलाचा शर्ट धडधाकट असतानाच तोकडा होतो. जन्मतः साधारण ५० सेंटिमीटर असलेलं बाळ पहिल्या वाढदिवसाला ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोचतं, त्याचं वजन तिप्पट होतं. पुढे वेग मंदावतो, तरी शाळेच्या वयात वर्षाला ५-६ सेंटिमीटर उंची वाढतच असते. म्हणजे मुलाच्या अंगातून उतरतो तेव्हा बहुतेक कपड्यांचं बरंच आयुष्य शिल्लक असतं. ते उरलेलं आयुष्य वापरलं जातं की कपाटात कुजतं, यावर स्वस्ताई आणि पर्यावरण दोन्ही अवलंबून आहेत. कापूस कोणता, शिक्का कोणता, हे त्यानंतरचे प्रश्न.

हे मुद्दाम सांगते, कारण हल्ली या विषयावर बोलायला लागलं की गाडी थेट ऑरगॅनिक कापसावर आणि नैसर्गिक रंगांवर जाते. अशी झबली मी पाहिली आहेत. सुंदर असतात, शेतातली फवारणी टळते हेही खरं. पण हजाराच्या घरातलं झबलं सहा आठवडे वापरून डब्यात गेलं, तर त्यानं पृथ्वीचं काय भलं केलं? आणि ज्या आईला महिन्याच्या खर्चात दोनशे रुपये बाजूला काढणं जड जातं, तिला या चर्चेत जागाच उरत नाही. तिला वाटतं, हे आपलं काम नव्हे, पैसेवाल्यांचं आहे. खरं तर मुलांना टिकाऊपणे वाढवण्याचं ज्ञान तिच्याच घराण्यात आहे.

एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी लागतं, हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. विदर्भातली कपाशी बहुतांशी पावसावर येते, तेव्हा तो आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये. मात्र कापूस शेतातून निघाल्यावरचं पाणी टळत नाही. आपल्या मुलांचे बनियन, चड्ड्या, टी-शर्ट पुष्कळदा तमिळनाडूतल्या तिरुपूरचे असतात. तिथल्या रंगाईच्या पाण्यानं नोय्यल नदी इतकी नासली की शेतीसाठी बांधलेलं ओरातुपालयमचं धरण रंगाच्या पाण्याचं डबकं होऊन बसलं, आणि शेवटी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावावे लागले. आता तिथे सांडपाणी नदीत न सोडता शुद्ध करून परत वापरावं लागतं, त्याचा खर्च कपड्याच्या किमतीत येतो. तो यायलाच हवा. आपल्याजवळ बघायचं तर जीन्स धुणाऱ्या कारखान्यांनी उल्हासनगरच्या वालधुनीचं काय केलं ते कल्याणच्या माणसाला विचारा.

आणि कपडा फार स्वस्त मिळाला, तर त्याची उरलेली किंमत कुणीतरी भरलेली असते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या साभारमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली, ११३४ माणसं गेली. बहुतेक शिवणारणी होत्या. परदेशी ब्रँडांचे लहान मुलांचे कपडेही तिथे शिवले जात. शिवणारणीच्या लेकीनं ते पोटात घ्यायचं आणि मुलाला शंभर रुपयांचा टी-शर्ट मिळाला म्हणून खूश व्हायचं, हे मला जमत नाही. स्वस्ताई दुसरीकडून काढावी लागेल. तीनशेचा फ्रॉक तीन मुलींनी अंगात घातला तर तो शंभराला पडला, आणि शिवणारणीला तिचे पैसे पूर्ण मिळाले. हा हिशेब आपल्या आज्यांना पाठ होता.

बाळंतविडा आठवा. झबलं, टोपरं, कुंची, दुपटं. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला कोरं कापड घालत नसत. आजीचं विरलेलं लुगडं फाडून बाळुती व्हायची, दुपटी व्हायची. घरातल्या किंवा शेजारच्या गुटगुटीत मुलाची झबली मागून आणायची. त्यात ‘त्याच्यासारखं बाळसं धरू दे’ ही भावना होती आणि व्यवहारही होता. कोऱ्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला बोचते, धुवट कापड बोचत नाही. ‘धुवट’ हा शब्दच आता ऐकू येत नाही. आज बाळंतविडा चकचकीत खोक्यात मिळतो, आणि भेटायला येणारे सगळेच ‘शून्य ते तीन महिने’ या मापाचं खोकं आणतात. माझ्या मुलीच्या वेळी असे अकरा जोड जमले होते. चार तिला कधी घालताच आले नाहीत, घडी मोडायच्या आत ती मोठी झाली. बाळाला बघायला जाताना दोन वर्षांचं माप न्यावं, किंवा सरळ विचारावं की काय हवंय. विचारण्यात कसला आलाय अपमान.

झबल्याची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ते मुलाचं की मुलीचं, हे कुणी विचारत नसे. मोठ्या बहिणीचं धाकट्या भावाला, त्याचं मामेबहिणीला. आता पहिल्या दिवसापासून गुलाबी आणि निळं वेगळं. दुकानात गेलं की पहिला प्रश्न वयाचा नसतो, “बॉय की गर्ल?” असा असतो. ही वाटणी विक्रीच्या फायद्याची आहे, कारण पहिल्या मुलीनंतर मुलगा झाला की सगळं पुन्हा घ्यावं लागतं. माझ्या मुलाला त्याच्या बहिणीचं फुलांचं स्वेटर घातलं तेव्हा नातेवाइकांत केवढी कुजबुज झाली. दोन वर्षांच्या मुलाला फुलं कळतात आणि ऊब कळते, एवढंच. संक्रांतीच्या बोरन्हाणाचं काळं झबलं आमच्या घरात तीन मुलांना झालंय, हलव्याचे दागिने तेवढे दरवेळी नवे. एका दिवसाच्या कपड्याला हे कौतुकाचं मानतात, मग रोजच्या कपड्याला का लाजतात?

एका दिवसाच्या कपड्यांवरून ड्रेपरीवाले आठवतात. गॅदरिंगला शिवाजी महाराजांचा अंगरखा, कोळणीचं लुगडं, झाडाचा पोशाख, सगळं भाड्यानं. पिढ्यान्‌पिढ्या तोच अंगरखा शेकडो मुलांनी घातलेला असतो, आणि कुणाच्याही आईला त्यात कमीपणा वाटत नाही. अलीकडे काही शाळा नाचाचे कपडे प्रत्येकाला विकत घ्यायला लावतात. पाच मिनिटांच्या नाचासाठी टिकल्यांचा नायलॉनचा घागरा, जो नंतर कशालाच उपयोगी नाही. हे थांबवायला फक्त एका शिक्षिकेचा ठामपणा पुरेल.

शाळेचं नाव निघालंच आहे तर गणवेशाकडे येते, कारण घराघरातल्या काटकसरीपेक्षा इथे कितीतरी मोठं काम होऊ शकतं. शाळकरी मूल आठवड्यातले सहा दिवस गणवेशात असतं. शिवाय गणवेश हा एकच कपडा असा आहे की तो कसा असावा हे बाजार ठरवत नाही, फॅशन ठरवत नाही, चार माणसं एका बैठकीत ठरवतात. ती चार माणसं उद्या वेगळं ठरवू शकतात.

माझ्या लहानपणी पांढरा सदरा आणि खाकी चड्डी, पांढरा ब्लाउज आणि निळा स्कर्ट असा गणवेश गावातल्या निम्म्या शाळांना होता. कापड कुठल्याही दुकानात मिळे, शिवणारा गल्लीतला. त्यामुळे एका शाळेतल्या मुलाचा सदरा दुसऱ्या शाळेतल्या मावसभावाला चाले. आता प्रत्येक शाळेची चौकडी वेगळी विणून घेतलेली, खिशावर शाळेचं चिन्ह मशीननं भरलेलं, आणि तो माल ठरलेल्या एकाच दुकानात. रोजचे दोन जोड, पीटीचा वेगळा, शनिवारचा पांढरा, हाउसच्या रंगाचा टी-शर्ट, थंडीचं जॅकेट. माझ्या मोठ्या मुलीच्या शाळेनं, धाकटा त्याच शाळेत पहिलीत गेला नेमकं त्याच वर्षी, चौकडीचा रंग बदलला. तिचे तीन शर्ट मी धुऊन, बटणं पक्की करून, त्याच्यासाठी जपून ठेवले होते. शाळेत विचारलं, तर उत्तर मिळालं की नवा लूक हवा होता. शाळेत तेव्हा हजारावर मुलं असतील. त्या सगळ्यांच्या घरातले चांगले शर्ट एका निर्णयानं एका दिवसात चिंध्या झाले, आणि त्या बैठकीत हा हिशेब कुणी मांडला नाही.

सीबीएसईनं २०१७ मध्ये आपल्या शाळांना बजावलं होतं की पुस्तकं-गणवेश विकण्याचा धंदा करू नका. सक्ती करू नका, हे राज्य सरकारही अधूनमधून सांगत असतं. पण ‘सक्ती नाही, फक्त ती चौकडी दुसरीकडे मिळत नाही’ अशी वाट निघतेच. इंग्लंडमध्ये २०२१ साली गणवेशाच्या खर्चाबद्दल कायदाच झाला. त्याखालच्या सूचनांप्रमाणे शाळेनं चिन्हाचे कपडे कमीत कमी ठेवायचे, आणि वापरलेले गणवेश पालकांना मिळतील अशी सोय करायची. तिथल्या श्रीमंत देशाला हे लाजिरवाणं वाटलं नाही. आपल्याकडे हे दोन ओळींच्या शासन निर्णयात बसेल. कापड साधं एकरंगी, कुठल्याही बाजारात मिळणारं. शाळेचं चिन्ह टाचणीनं लावायच्या बिल्ल्यावर. पाच वर्षं बदल नाही, आणि बदल झालाच तर जुना गणवेश आणखी दोन वर्षं चालेल. आणि शिवणीत किती माया आणि दुमड ठेवायची, ते लेखी. शेवटचं वाचून कुणाला हसू येईल, पण मी गंभीरपणे म्हणते आहे. निविदेत धाग्याचा नंबर लिहिता येतो, रंगाची छटा लिहिता येते, तर चार बोटं दुमड का नाही लिहिता येणार? सोलापूर हे देशातल्या गणवेश शिवणाऱ्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. तिथल्या कारागिरांना माया ठेवायला शिकवावं लागणार नाही, त्यांना फक्त मागणी यायला हवी.

सरकारी शाळांची गोष्ट निराळी आहे आणि जास्त दुखरी. समग्र शिक्षा योजनेत मुलांना दोन मोफत गणवेश मिळतात. २०१८ मध्ये त्याची रक्कम ४०० वरून ६०० रुपये झाली, म्हणजे जोडाला ३०० रुपये. त्यात कापड, शिलाई, बटणं, सगळं. इतक्या पैशांत शिवणारा कापड वाचवणार, म्हणजे सगळ्यात आधी माया कापणार. मग ज्या मुलाला वर्षभर तेच दोन जोड पुरवायचे आहेत, त्याच्याच कपड्यात वाढायला जागा नाही. ३०० ऐवजी साडेतीनशे देऊन दोन वर्षं चालणारा गणवेश दिला तर सरकारचेच पैसे वाचतील, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

२०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आला. कापड राज्यपातळीवर एकगठ्ठा घ्यायचं आणि माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, बचत गटांतल्या बायकांकडून शिवून घ्यायचं असं ठरलं. स्वातंत्र्यदिन उलटला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नाहीत. पोचले तिथे मापाच्या तक्रारी झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. त्या योजनेची तेव्हा सगळीकडून टिंगल झाली. मला मात्र वाटतं की तिच्यातली एक गोष्ट जपण्यासारखी होती. रंग सगळीकडे एक असेल तर जिंतूरच्या बहिणीचा गणवेश परभणीच्या भाचीला होतो, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल मध्येच दुसऱ्या गावच्या शाळेत बसलं तरी परकं दिसत नाही. चूक रंगात नव्हती. माप घ्यायला मूल समोर लागतं, आणि ते मुंबईतून दिसत नाही. रंग राज्याचा आणि शिलाई गावातली, असं का करू नये? शिवणयंत्र असलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत. जूनमध्ये शिवायचं आणि पुढल्या जूनमध्ये उसवून द्यायचं, दोन्ही कामांचे पैसे त्यांना मिळावेत.

आता ज्या आक्षेपानं मला अनेक रात्री विचार करायला लावला, तो. जुने कपडे घालणं ही ज्यांची हौस आहे त्यांनी ती करावी, पण ज्यांच्या पिढ्या दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घालण्यात गेल्या त्यांना हा उपदेश करू नये. हा आक्षेप खरा आहे. ‘उतरलेले कपडे’ या दोन शब्दांत आपल्या समाजाची सगळी उतरंड आहे. कुणी काय नेसायचं, कसं नेसायचं, हे जातीनं ठरवून दिलेलं होतं. म्हणून तर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं की ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते सोडून द्या, नीटनेटकं नेसा. स्वच्छ, अंगाला बसणारा, आपल्या पैशांचा कपडा हा तिथे हक्क होता. जिच्या आईला कधी नवं मिळालं नाही, अशी बाई लेकीला दिवाळीत नवाच फ्रॉक घेते तेव्हा तिला पाण्याचे लिटर मोजून दाखवणाऱ्याची मला लाज वाटेल.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना मी एकदा मुलीचे कपडे काढून दिले होते. छान होते, इस्त्री केलेले. त्या पिशवीकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “राहू द्या ताई. यंदा पोरीला नवीनच घेणारे मी.” मला तेव्हा थोडं लागलं. नंतर लक्षात आलं की माझ्या घरात बाहेरून जुना कपडा कधी आलाच नव्हता, फक्त जात होता. देणं मला जमत होतं, घेणं नाही. मग मी जावेकडे मागितले, खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीण बाईंकडे मागितले. पहिल्यांदा मागताना जीभ अडखळली, हे कबूल करते. पुढच्या वर्षी ताईंनी स्वतःहून विचारलं, “माझ्या पोरीचं स्वेटर आखूड झालंय, चांगलं आहे, तुमच्या मुलाला होईल का?” झालं. दोन थंड्या त्यानं ते घातलं. त्यानंतर त्याही आमच्याकडचे कपडे बघून, निवडून, नको ते परत ठेवून नेतात.

म्हणून मला वाटतं, सुरुवात ज्यांची नवं घ्यायची ऐपत आहे त्यांनी करायची, आणि ती देण्यानं नाही, घेण्यानं करायची. दानाच्या खोक्यात काय येतं ते कुणीही उघडून पाहावं. चेन तुटलेली पँट, एकच मोजा. पूर आला की असल्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडलेले सांगली-कोल्हापूरनं पाहिले आहेत. जे आपल्या मुलाला घालणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला द्यायचं नाही, त्याची गोधडी करायची, नाहीतर फरशी पुसायची.

शाळेत एक कपाट लागतं, एवढंच. मार्चमध्ये परीक्षा संपताना जो तो आपल्या मुलाचा आखूड झालेला गणवेश धुऊन, बटण लावून त्यात ठेवेल, मापाची चिठ्ठी लावेल, नाव लावणार नाही. जूनच्या आधी जो तो आपल्या मापाचा काढून नेईल. ‘गरजूंसाठी’ अशी पाटी त्यावर लावायची नाही, त्या पाटीनं कपाट मरतं. मुख्याध्यापकांच्या मुलाचा गणवेश त्यातून आला पाहिजे आणि वॉचमनच्या मुलीचा त्यात गेला पाहिजे. मापं जुळत नसतील तिथे एक दिवस शिवणयंत्र घेऊन कुणीतरी बसेल. सातवी-आठवीच्या मुलांना कार्यानुभवाच्या तासाला धावदोरा, काजं, बटण, उसवणं आणि दुमड घालणं शिकवावं, मुलींइतकंच मुलांनाही. माझा मुलगा दहाव्या वर्षी बटण लावायला शिकला आणि तेव्हापासून त्याची बटणं कमी तुटतात.

एप्रिलमध्ये आमच्या शाळेची पालकसभा आहे. मुलीचे ते जुन्या चौकडीचे तीन शर्ट मी अजून टाकलेले नाहीत. ते घेऊन जाणार आहे, टेबलावर ठेवणार आहे, आणि विचारणार आहे की पुढचा बदल कोणत्या साली करायचं मनात आहे.